संक्रांतीला परदेशी पाहुणे बडोद्याच्या घरी उतरणार असतील तर

प्रश्न थोडक्यात असा : मुलाच्या कंपनीतले तीन सहकारी १२ जानेवारीच्या संध्याकाळी बडोद्याला येताहेत आणि १६ ला सकाळी जाणार. दोघं जर्मन (त्यात एक बाई), एक जपानी गृहस्थ. हॉटेल नको, दांडिया बाजारातल्या घरीच राहणार. भारतात पहिल्यांदाच येताहेत. त्यांना आपला देश आणि आपली माणसं नीट कळावीत म्हणून काय दाखवायचं, काय बोलायचं, काय टाळायचं?

तारखा झकास आहेत. १३ ला भोगी, १४ ला संक्रांत आणि उत्तरायण (गुजरातेतला पतंगांचा सण), १५ ला त्याचाच दुसरा दिवस, वासी उत्तरायण. एकच सण तुमच्या घरात मराठी पद्धतीने आणि गच्चीवर गुजराती पद्धतीने होणार आहे. त्याचा उपयोग कसा करायचा ते पुढे येईलच. आधी एक नियम आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना सांगून ठेवा : 'इंडियात असं असतं' या शब्दांनी वाक्य सुरू करायचं नाही.

हा शिष्टाचाराचा भाग नाही, विश्वासाचा आहे. 'आम्ही भारतीय शाकाहारी असतो' असं जेवताना सांगितलं आणि संध्याकाळी रस्त्यावर आमलेटच्या लारीभोवती गर्दी दिसली, की पाहुणा काही बोलत नाही. पण त्यानंतर तुमचं प्रत्येक उत्तर तो निम्म्या किमतीला घेतो. म्हणून उत्तराला तीन पायऱ्या ठेवा. पहिली आमच्या घरी काय चालतं. दुसरी शेजारी, याच गल्लीत, काय वेगळं चालतं. तिसरी देशभराचा कायदा किंवा आकडा, आणि तोही खात्रीचा असेल तरच. शाकाहाराचंच उत्तर असं होईल : आमच्या घरात मांस-मासे शिजत नाहीत, समोरच्या घरी रविवारी मटण असतं, गुजरात-राजस्थानात शाकाहारी पुष्कळ आहेत, पण देशभर धरलं तर सामिष खाणारेच जास्त. तीन वाक्यांत काम होतं, आणि पुढचं काही पाहून पाहुण्याला धक्का बसत नाही.

पहिल्या संध्याकाळी हा नियम शिकवायला नोटा वापरा. १०, २०, ५०, १००, २०० आणि ५०० ची एकेक नवी नोट टेबलावर मांडा. मागच्या बाजूला अनुक्रमे कोणार्कचं सूर्यमंदिर, वेरूळ, हंपीचा रथ, पाटणची राणी की वाव, सांचीचा स्तूप आणि लाल किल्ला आहे. नकाशा उघडून सहा ठिपके लावा; ओडिशापासून दिल्लीपर्यंत देश पसरतो आणि हिंदू, बौद्ध, जैन, मुघल असे धागेही आपोआप येतात (वेरूळला तीन धर्मांची लेणी एकाच डोंगरात आहेत). मग मागचाच भाषांचा पट्टा दाखवा. त्यात पंधरा भाषा आहेत, हिंदी आणि इंग्रजी वेगळ्या. वरून तिसरी ओळ गुजराती, आठवी मराठी. 'तुम्ही घरात ही बोलता आणि बाजारात ती' एवढं बोटाने दाखवलं तरी 'तुम्ही इंडियन बोलता का' हा प्रश्न पुन्हा येत नाही. जर्मन पाहुण्यांसाठी एक आकडा हाताशी ठेवा : २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते, म्हणजे जवळजवळ अख्ख्या जर्मनीएवढे.

लगेच पुढचा प्रश्न येईल, 'मग मराठी लोक गुजरातेत कसे?' इथे घरातले वडीलधारे पिलाजीरावांपासून सुरुवात करतात आणि दमाजीरावांपर्यंत पाहुण्याचा चहा गार होतो. एवढंच पुरे : अठराव्या शतकात गायकवाड हे मराठे सरदार इथे आले आणि राज्यकर्ते झाले. त्यांच्यामागे कारकून, भिक्षुक, वैद्य, गवई, आचारी आले. संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं, १ मे १९६० ला गुजरात वेगळं झालं, आणि ही घरं इथेच राहिली. बाकीचं त्यांनी विचारलं तर.

पाहुणे येण्याआधीच्या कामांत एक सरकारी काम आहे आणि बरीच घरं ते विसरतात. परदेशी नागरिक घरी मुक्कामाला असेल तर 'फॉर्म सी' म्हणून ओळखली जाणारी नोंद चोवीस तासांत ऑनलाइन करायची असते. ती फक्त हॉटेलांसाठी नाही, खाजगी घरालाही लागू आहे. पासपोर्टचं पान, व्हिसा, फोटो, येण्याची तारीख हे सगळं आठवडाभर आधी मागवून ठेवा. रात्री दमून आलेल्या माणसाकडे पासपोर्ट मागणं बरं दिसत नाही. त्याच संदेशात दोन गोष्टी कळवा. गुजरातेत दारूबंदी आहे. परदेशी पाहुण्याला पासपोर्टवर परवाना मिळतो आणि परवानाधारक हॉटेलातल्या दुकानातून घेता येते, पण भेट म्हणून वाईनची बाटली पिशवीत घालून आणू नये. आणि ई-सिगारेटवर देशभर बंदी आहे, ती घरीच ठेवून या.

जपानी गृहस्थांना आणखी एक ओळ लिहा : तिथे वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे २३०. मोबाइल-लॅपटॉपचे चार्जर बहुतेक दोन्हींवर चालतात, पण केस वाळवायचं तिथलं यंत्र इथे लावलं की जळतं. त्यांच्या चपट्या पिनांना ॲडॅप्टरही लागेल. जर्मनांचा प्लग सहसा आपल्या सॉकेटमध्ये बसतो, थोडा सैल. न्हाणीघरात गीझरचं बटण कुठे आहे, बादली-मग कशासाठी, हे मुलाने त्यांना एकदा दाखवावं. कागदाचं भेंडोळं आणून ठेवा आणि तो टाकायला झाकणाची टोपली द्या, नाहीतर जुन्या वाड्याची पाइपलाइन दुसऱ्या दिवशी तुंबते.

घड्याळाचा विचार करून बेत आखा. हिवाळ्यात जर्मनी आपल्या साडेचार तास मागे, जपान साडेतीन तास पुढे. म्हणजे जर्मन दोघं रात्री बारापर्यंत टक्क जागे आणि सकाळी नऊच्या आत उठणार नाहीत. जपानी पाहुणा पहाटे चारला जागा होऊन खोलीत बसून राहील. त्याला आजोबांबरोबर दुधाला आणि पेपर आणायला पाठवा. बंद दुकानांच्या फळ्या, देवळातली काकडआरती, झाडलोट करणारे, शाळेच्या रिक्षा, हे सगळं तासाभरात पाहून होतं आणि त्याला फार बोलावंही लागत नाही.

आता जेवण, कारण परिचय सगळ्यात आधी इथे होतो आणि बिघडतोही इथेच.

ॲलर्जी विचारताना मोघम विचारू नका. 'नट्स चालतात का' असं विचारलं तर बदाम-काजू डोळ्यांसमोर ठेवून उत्तर येतं. आपल्या स्वयंपाकात धोका आहे तो शेंगदाण्याचा, कारण दाण्याचा कूट कोशिंबिरीत, भाजीत, खिचडीत असतो आणि वरून दिसत नाही. शेंगदाणा, तीळ, काजू अशी नावं घेऊन विचारा. तिळाची ॲलर्जी असेल तर संक्रांतीचा निम्मा फराळ बाद होतो, ते आधीच कळलेलं बरं. गहू न चालणारा पाहुणा असेल तर भाकरी वाढून निर्धास्त होऊ नका : बाजारच्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डब्यावर वाचा. दूध-तूप न खाणाऱ्याला फोडणी तेलाची करा आणि तूप वाटीत वेगळं ठेवा.

पहिल्या रात्री साधं वरण, मऊ भात, लिंबू, बटाट्याची पिवळी भाजी, पोळी. मिरचीचा ठेचा टेबलावरही नको, कारण कोणीतरी तो चटणीसारखा चमचाभर घेतं. १३ ला भोगी, तेव्हा तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मिसळीची भाजी आणि मुगाची खिचडी. हे जेवण पोटाला जड नाही आणि थंडीत बाजरी-तीळ का, हेही त्यात सांगता येतं. सेव उसळ खायला न्याल तर तर्री, म्हणजे वरचा तिखट रस्सा, वेगळी मागा. उघड्यावरची कापलेली फळं, बर्फ, उसाचा रस टाळा. दात घासायलाही पहिले दोन दिवस प्यायचंच पाणी द्या आणि ओआरएसची चार पाकिटं घरात ठेवा.

आग्रहाबद्दल जरा जास्त सांगतो. आपल्याकडे 'नको' पहिल्यांदा म्हणायचं असतं, दुसऱ्यांदा ऐकायचं असतं आणि तिसऱ्यांदा वाढायचं असतं. जर्मन पाहुण्याचं पहिलं 'नको' हे पूर्ण उत्तर असतं. त्यावर वाढलं तर आपलं म्हणणं कोणी ऐकत नाही असं त्याला वाटतं. जपानी पाहुणा बहुधा 'नको' म्हणणारच नाही. तो ताट संपवेल, रिकामं ताट पाहून काकू पुन्हा वाढतील, तो पुन्हा संपवेल, आणि रात्री अंथरुणावर तळमळेल. (हाही नियम झाडून सगळ्या जपान्यांना लावू नये, वरचं तत्त्व आपल्यालाही लागू आहे.) यावर उपाय सोपा : जेवायला बसतानाच सांगा की पुरे झालं की ताटावर हात आडवा धरायचा, मग कोणी वाढणार नाही. आणि खरोखरच वाढू नका. चमचा शेजारी ठेवा; हाताने खायचं की नाही ते त्यांचं त्यांना ठरवू द्या, आणि हाताने जेवू लागले की कौतुकाने व्हिडिओ काढू नका.

१३ तारीख शहरासाठी. एका दिवसात राजवाडा, म्युझियम, मॉल आणि वर केवडियाचा सरदार पटेलांचा पुतळा असं कोंबणारे पुष्कळ भेटतात. संध्याकाळी पाहुण्याला फक्त गाडीची सीट आठवते. सकाळी साडेनऊला दांडिया बाजारातून पायी निघा. तांबेकर वाडा वाटेतच आहे. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या या वाड्यातली भित्तिचित्रं म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं बडोदं कसं नटत होतं, लढत होतं, कुठले देव पूजत होतं, याचा पुरावा. पुढे सूरसागर तलाव, न्यायमंदिर (जुन्या कोर्टाची इमारत), लहेरीपुरा दरवाजा आणि मांडवी. जुन्या शहराचे चार दरवाजे (लहेरीपुरा, पाणीगेट, चांपानेर, गेंडीगेट) आणि मधोमध मांडवी, ही रचना कागदावर एक अधिक चिन्ह काढून दाखवा. मांडवीच्या आसपास दुकानदार, देव, रिक्षा, गाय आणि क्यूआर कोड एकाच चौकटीत दिसतात. तिथे पाऊण तास नुसतं उभं राहिलं तरी वाया जात नाही.

रस्ता ओलांडायला शिकवा. ज्या बाजूने वाहनं येतात त्या बाजूला तुम्ही, पलीकडे पाहुणा. एका चालीने चालायचं, मध्येच थांबायचं नाही, पळायचं तर मुळीच नाही. दुचाकीवाला तुमच्या चालीवरून आपली वाट काढतो आणि तुम्ही दचकलात की त्याचा अंदाज चुकतो. भाजी विकत घेण्याचं काम त्यांच्या हाती द्या : पन्नासच्या दोन नोटा, तीन भाज्यांची नावं गुजरातीत, आणि शेवटी कोथिंबीर फुकट मागायची. बोलता येत नसतानाही व्यवहार होतो. म्युझियममधल्या एका तासापेक्षा ही पाच मिनिटं त्यांच्या लक्षात जास्त राहतात.

लक्ष्मी विलास राजवाडा दुपारी. साप्ताहिक सुट्टी आणि वेळ फोन करून विचारून घ्या. ऑडिओ गाइड मिळतो, तो घेऊ द्या आणि तुम्ही गप्प राहा. 'बकिंगहॅमच्या चौपट' हे वाक्य मात्र गिळा. मूळ आवार सुमारे ७०० एकर धरलं तर तेच ३ कोटी ५ लाख चौरस फूट होतात; लोक तो आवाराचा आकडा इमारतीचा म्हणून सांगतात. पाहुण्यांपैकी एकजण तरी मोबाइलवर तपासतोच. सांगण्यासारखं खरं पुष्कळ आहे : १८९० मध्ये पूर्ण झालेली इमारत, मेजर मँट यांनी सुरू केलेली आणि त्यांच्या मृत्यूनंतर चिझम यांनी पुरी केलेली, दरबार हॉलची व्हेनिसच्या धर्तीची मोझेक जमीन, बेल्जियमच्या रंगीत काचा, राजा रविवर्मांची चित्रं. आणि त्याहून मोलाचं, इथे राहणाऱ्या सयाजीरावांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात आणि १९०६ मध्ये संस्थानभर सुरू केलं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून दत्तक आणलेला बारा वर्षांचा मुलगा इथवर कसा आला, ही गोष्ट कुठल्याही देशाच्या माणसाला कळते.

संध्याकाळी कमाटीबाग. वाटेत विश्वामित्रीच्या पुलावरून खाली बघा. जानेवारीत मगरी ऊन खायला काठावर येतात. ऊन असेपर्यंत गेलात तर दिसण्याची शक्यता जास्त. भर शहरातल्या नदीत मगरी आणि वर ट्रॅफिक जाम, हे पाहून जर्मन माणूस 'कुंपण कुठे आहे' असंच विचारतो. कुंपण नाही, खरं तेच सांगा. पूर आला की त्या रस्त्यावरही येतात, २०२४ च्या ऑगस्टमध्ये आल्या होत्या.

जातीचा प्रश्न कमाटीबागेतच घ्या, घरी सोफ्यावर नको. तो येणारच, आणि आपली माणसं त्याला दोन प्रकारे वाया घालवतात : 'आता असं काही राहिलं नाही' म्हणतात किंवा वर्णव्यवस्थेचं व्याख्यान देतात. बडोद्याकडे याहून स्पष्ट उत्तर आहे. १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१७ मध्ये करारानुसार ते बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला आले, तेव्हा त्यांना या शहरात राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले; कळल्यावर काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. मुंबईच्या गाडीला वेळ होता, तो त्यांनी याच बागेत झाडाखाली काढला. ती जागा आता संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते आणि २३ सप्टेंबर ही तारीख तिथे पाळली जाते. याच माणसाच्या अध्यक्षतेखालील समितीने संविधानाचा मसुदा केला आणि त्याच्या १७व्या कलमाने अस्पृश्यता रद्द झाली. त्याच शहराने शिकायला पैसे दिले आणि त्याच शहराने छप्पर नाकारलं, हे दोन्ही एका दमात सांगा. एक लपवलं तर दुसरं जाहिरात वाटतं.

तिसरी पायरी कायद्याची झाली, पण पहिली, म्हणजे 'आमच्या घरी', ही जास्त अवघड आहे. तुमच्याकडे धुणंभांडी करायला येणाऱ्या बाईंचा चहाचा कप वेगळा असेल, त्या जमिनीवर बसून चहा घेत असतील, तर पाहुणे ते पहिल्याच सकाळी पाहतात. विचारतात मात्र तिसऱ्या दिवशी. तेव्हा 'ती तिचीच सवय आहे' हे उत्तर चालत नाही. त्याआधी घरात बसून याचा विचार करा. पाहुणे हे त्याचं निमित्त असलं तरी हरकत नाही. बाईंची ओळख करून देताना नावाने आणि मानाने करून द्या, जशी काकूंची देता.

ठरवून केलेल्या लग्नांबद्दलही तिन्ही पायऱ्या वापरा : घरात कोणाचं लग्न कसं जमलं, शेजारी कोणी पळून जाऊन केलं, आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा दोन धर्मांच्या माणसांना लग्नाची मुभा देतो. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे. तरी चालतो, हेही म्हणा. दंगलींबद्दल विचारलं तर २००२ ची दंगल बडोद्यातही झाली, हे मान्य करून पुढे बोला. इंटरनेटवर वाचूनच ते आलेले असतात. राजकारणावर घरातल्या दोन माणसांची मतं वेगळी असतील तर दोघांनाही बोलू द्या, फक्त आवाज चढवू नका.

१४ तारीख गच्चीवर. मांजा सुतीच घ्या; नायलॉनचा चायनीज मांजा आणि उडते तुक्कल (पेटते कागदी आकाशकंदील), दोन्हींवर बंदी आहे. सुती मांजालाही काचेचा लेप असतो, म्हणून पाहुण्यांच्या तर्जनी आणि अंगठ्याला आधीच चिकटपट्टी गुंडाळा, गॉगल आणि टोपी द्या, सनस्क्रीन लावायला सांगा. सकाळी स्वेटर लागतो म्हणून लोक बेसावध राहतात आणि दुपारी मान भाजून निघते. कन्नी तुम्ही बांधा, फिरकी त्यांना धरायला द्या. पहिला तास नुसती फिरकी धरली तरी ढील आणि खेच कळते. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पक्षी थव्याने फिरतात, तेव्हा पतंग खाली उतरवा आणि का ते सांगा. गच्चीचा कठडा कमरेपेक्षा खाली असेल तर मागे सरकत पतंग उडवायचा नाही, एवढं मात्र दरडावून सांगा. त्या दिवशी दुचाकीवर पाहुण्याला बसवू नका. हँडलवर लावलेली लोखंडी कमान कशासाठी हा प्रश्न येईल, तेव्हा आडवा आलेला मांजा गळा कापतो हे सांगा.

गच्चीवर 'काप्यो छे'ची आरोळी, उंधियू, जलेबी, स्पीकर. खाली घरात सुगडं, गुळाची पोळी, तिळगूळ, काळी साडी. हे उलगडून सांगण्याची घाई करू नका. ते वर-खाली करतील आणि दुपारपर्यंत स्वतःच विचारतील की एकाच दिवसाचे हे दोन सण कसे. मग सांगा : सूर्याच्या मकर प्रवेशाचा हा दिवस, तमिळनाडूत पोंगल, आसामात बिहू, पंजाबात आदल्या रात्री लोहडी. आपले बरेचसे सण चंद्रावर चालतात म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी सरकते. हा सूर्यावर चालतो म्हणून १४-१५ जानेवारी सोडत नाही.

हळदीकुंकू १५ च्या संध्याकाळी ठेवा. जर्मन बाईंना कुंकू लावण्याआधी काय करणार ते सांगा आणि हो म्हणाल्या तरच लावा. न सांगता कपाळाकडे आलेलं बोट पाहून माणूस मागे सरतो आणि दोघींनाही ओशाळं होतं. ओटीचा नारळ, वाण, हे सगळं हातात दिल्यावर कुठे ठेवायचं हेही त्यांना ठाऊक नसतं, शेजारी एक मुलगी बसवा. पुरुष पाहुण्यांना मसाला दुधाचे पेले न्यायला लावा, मजेत करतात. 'शेजारच्या आजी का आल्या नाहीत' हा प्रश्न मात्र सोपा नाही. जुनी रीत सवाष्णींचीच आहे आणि विधवांना त्यात जागा नव्हती. आज बरीच घरं सगळ्यांना बोलावतात. तुमचं घर कुठल्या बाजूला आहे ते आमंत्रणं करतानाच ठरवा.

१५ ला सकाळी चांपानेर. सुमारे पन्नास किलोमीटर, बंद गाडीने जा. सुट्टीमुळे पावागडावर तोबा गर्दी असेल, म्हणून रोपवे आणि कालिकामाता खालूनच दाखवा, आणि वेळ जामी मशिदीला द्या. १४८४ मध्ये गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने गड घेतला आणि पायथ्याशी राजधानी वसवली. कारागीर इथलेच, त्यामुळे मशिदीच्या खांबांवर आणि छतावर देवळांतली कमळं दिसतात. २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. वर देवी, खाली मशीद, आणि दोन्हीकडे एकाच मातीचा घडवणारा हात. यावर भाष्य करायची गरज नाही. दुपारी दोनपर्यंत परत या. बाजार बंद असेल, खरेदी १३ लाच उरकलेली असावी.

जातानाची भेट : खव्याची मिठाई नको, युरोपात दुधा-मांसाच्या पदार्थांवर निर्बंध आहेत. कोरडी भाकरवडी, तिळाची वडी, चिवडा, सगळं बंद पाकिटात आणि घटकांची यादी छापलेलं. पतंग न्यायचे असतील तर दोन पुठ्ठ्यांमध्ये सपाट बांधून द्या. काचेच्या मांजाची फिरकी ठेवून घ्या. त्यांनी आणलेली भेट तुम्ही समोर उघडून पाहावी अशी जर्मनांची अपेक्षा असते, आपण ती आत नेऊन ठेवतो, उघडा. विमान अहमदाबादहून असेल तर एक्सप्रेसवेने दोन तास धरा, आणि शहराबाहेर पडायला अर्धा तास वेगळा.